सिंहासन नसलेले नगर : दुब्रोव्हनिकची नगरफेरी आणि इतिहास सांगणाऱ्याची जबाबदारी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी विषयाला आरंभ करतो. इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राजवंश यांची अपेक्षा असते. आजचा विषय काहीसा निराळा आहे. एखाद्या प्राचीन शहरातून मार्गदर्शकाच्या मागोमाग पायी हिंडणारे प्रवासी काय पाहतात व काय ऐकतात, आणि ते शहर चित्रीकरणाचे स्थळ झाले म्हणजे त्या पाहण्याऐकण्यात कोणता पालट होतो, असा तो विषय आहे. त्यासाठी मी ॲड्रिॲटिक समुद्राच्या काठचे, आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिक हे शहर निवडले आहे. शहर दूरचे खरे. पण त्याच्या संरक्षक संताच्या नावाचे एक चर्च आपल्या तिसवाडीत आहे, आणि त्या शहरापुढे आलेला प्रश्न आपल्या बारदेशातील एका किल्ल्यापुढेही आलेला आहे.

स्थळ आणि कथा

चालत, दाखवीत आणि सांगत इतिहास कळविण्याची रीत आपल्याला नवी नाही. क्षेत्राच्या गावी उतरलेल्या यात्रेकरूला तेथील क्षेत्रोपाध्याय बरोबर घेऊन फिरवीत असत. हे कुंड, ही शिळा, येथे देवाने विसावा घेतला, असे सांगत ते पुढे चालत. नाशिकच्या पंचवटीत रामकथा आजही अशीच पावलापावलावर दाखविली जाते. आपली क्षेत्रमाहात्म्ये ही एका अर्थी पायी फिरणाऱ्यांसाठी रचलेली पुस्तकेच होत. त्यांच्यामुळे स्थळाला कथा जडते आणि कथेला स्थळ लाभते.

या रीतीत जसा गोडवा आहे तसा एक धोकाही आहे. नाशिकजवळच्या लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात. वस्तुतः ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी खोदलेली आहेत. सातवाहन आणि क्षहरात या राजकुळांचे लेख त्यांत आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख तेथलाच. परंतु ब्राह्मी लिपी वाचणारे उरले नाहीत, तेव्हा दाते आणि त्यांची दाने विस्मृतीत गेली व पांडवांचे नाव तेवढे राहिले. आपल्या डिचोली तालुक्यातील हरवळ्याची लेणीही पांडवांच्याच नावाने ओळखली जातात. लोकांनी हे कोणाला फसविण्यासाठी केले नाही. खरी हकीकत सांगणारा कोणी उरला नाही, तेव्हा जी कथा जिव्हाळ्याची होती तिने ती रिकामी जागा व्यापली. एवढे ध्यानात ठेवून आपण दुब्रोव्हनिकच्या वेशीशी जाऊ.

पिले दरवाज्यापाशी

दुब्रोव्हनिकची नगरफेरी बहुधा पश्चिमेकडील पिले दरवाज्यापासून निघते. समोर तटबंदी दिसते. तिची लांबी सुमारे १,९४० मीटर असून काही ठिकाणी उंची २५ मीटरपर्यंत जाते. जमिनीकडच्या बाजूस तिची जाडी चार ते सहा मीटर आहे. आत ओनोफ्रिओचे मोठे कारंजे, फ्रान्सिस्कन मठ आणि त्यात १३१७ पासून चालत आलेले औषधालय, मग स्त्रादून नावाचा सरळ राजरस्ता, त्याच्या टोकाला स्पोंझा वाडा, रेक्टरचा वाडा, संत ब्लेझचे चर्च आणि कॅथीड्रल, असा क्रम असतो. तास-दोन तासांत हे सारे पाहून होते.

गेल्या काही वर्षांत याच वाटेवरून दुसऱ्या एका प्रकारच्या फेऱ्या निघू लागल्या. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर पाहिली गेली. तिच्या कल्पित कथेत सात राज्यांची 'किंग्ज लँडिंग' नावाची राजधानी आहे. पहिल्या पर्वात या राजधानीचे चित्रीकरण मुख्यतः माल्टा बेटावर झाले. दुसऱ्या पर्वापासून ते दुब्रोव्हनिकला आले. तेव्हापासून मार्गदर्शकाच्या हाती एक चोपडी आली. तिच्यात मालिकेतील प्रसंगांची छायाचित्रे असतात. नेमक्या जागी थांबून तो छायाचित्र उंच धरतो आणि प्रवाशांना चित्रातली भिंत व समोरची भिंत ताडून पाहण्यास सांगतो. मिंचेता बुरूज दिसला की जादूगारांचे घर सांगितले जाते, बोकार बुरुजाखालची खाडी पाहताना मालिकेतील बंदराचे नाव घेतले जाते, आणि लोव्रियेनात्सचा किल्ला राजवाडा म्हणून दाखविला जातो. पुढे 'स्टार वॉर्स' मालिकेतील एका चित्रपटासाठीही येथे चित्रीकरण झाले. शाहरुख खानच्या 'फॅन' या २०१६ च्या हिंदी चित्रपटातील काही प्रसंगही याच शहरात चित्रित झाले आहेत.

एकाच दगडावर दोन कथा सांगितल्या जाऊ लागल्या, एवढ्यावरच हे थांबले असते तर त्यात विशेष नवल नव्हते. परंतु मालिकेची कथा आणि शहराची कथा यांचा जो विरोध आहे तो इतका मार्मिक आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेथे क्षणभर थांबलेच पाहिजे. मालिका एका लोखंडी सिंहासनासाठी चाललेल्या झगड्याची आहे. ज्या शहरात ती चित्रित झाली, त्या शहराने साडेचार शतके कोणालाही सिंहासनावर बसू दिले नव्हते.

एका महिन्याचा अधिपती

दुब्रोव्हनिकचे जुने नाव रागूसा. परंपरा सांगते की सातव्या शतकात जवळचे एपिडॉरम हे रोमन नगर उद्ध्वस्त झाल्यावर तेथील निर्वासित या खडकावर येऊन राहिले. पलीकडच्या किनाऱ्यावर स्लाव्ह लोकांची वस्ती होती. ओकच्या राईला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्यावरून दुब्रोव्हनिक हे नाव आले. या दोन वस्त्यांमधली चिंचोळी खाडी पुढे बुजविण्यात आली, आणि आज ज्यावरून प्रवासी चालतात तो स्त्रादून रस्ता तेथेच झाला. १२०५ पासून शहर व्हेनिसच्या वर्चस्वाखाली होते. १३५८ च्या झादारच्या तहाने ते वर्चस्व संपले. नावापुरते हंगेरीच्या राजाचे छत्र पत्करून, पुढे ऑटोमन सुलतानाला दरसाल १२,५०० डुकाट खंडणी भरून, पण आपला कारभार आपल्याच हाती ठेवून हे छोटे प्रजासत्ताक १८०८ पर्यंत टिकले.

त्याच्या प्रमुखाला रेक्टर म्हणत. हे पद एकाच महिन्याचे होते. त्या महिन्यात रेक्टरने स्वतःच्या घरी न राहता सरकारी वाड्यात राहावयाचे आणि राजकार्यावाचून बाहेर पडावयाचे नाही, असा दंडक होता. एकदा पद भोगलेल्यास पुन्हा निवडून यावयाचे तर दोन वर्षे थांबावे लागे. महासभेच्या दालनाच्या दारावर लॅटिन भाषेत एक वाक्य कोरले होते. खासगी गोष्टी विसरा व सार्वजनिक हिताकडे लक्ष द्या, असा त्याचा आशय आहे. सभेला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याखालूनच आत जावे लागे.

याचा अर्थ येथे लोकशाही होती असा कोणी करू नये. महासभेत केवळ कुलीन घराण्यांतील पुरुष बसत, आणि चौदाव्या शतकात त्या घराण्यांची यादीही बंद करण्यात आली. नावाडी, कारागीर, स्त्रिया यांना कारभारात वाटा नव्हता. तरीही, सत्ता एका हाती गेली की ती परत येत नाही ही जाणीव त्या मूठभर कुलीनांना होती आणि आपापसांतील कोणाचाही भरवसा धरावयाचा नाही असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता.

मालिकेत राजवाडा झालेला लोव्रियेनात्सचा किल्ला या अविश्वासाचा पाषाणरूप पुरावा आहे. तो तटाबाहेर, समुद्रातून वर आलेल्या एका उंच कड्यावर आहे. शत्रू ज्या बाजूने येण्याचा संभव, त्या बाजूच्या भिंती बारा मीटरपर्यंत जाड आहेत. शहराकडे तोंड असलेली भिंत मात्र सुमारे ६० सेंटिमीटरची आहे. किल्लेदाराच्या मनात राजा होण्याचा विचार आलाच, तर शहरातून तोफ डागून ती भिंत पाडता यावी, अशी ही योजना होती. प्रवेशद्वारावर लॅटिन लेख आहे. जगातले सारे सोने मिळाले तरी त्या मोबदल्यात स्वातंत्र्य विकणे चांगले नव्हे, असा त्याचा अर्थ. जो किल्ला राजेपणाची हौस मोडण्यासाठी असा बांधला, त्याच किल्ल्यात पडद्यावर राजाचा दरबार भरला. छायाचित्राची चोपडी घेऊन उभ्या असलेल्या मार्गदर्शकाने या भिंतीची जाडी सांगितली, तर एका वाक्यात दोन्ही कथा उजळतात. ती न सांगता तो पुढे गेला, तर प्रवाशाच्या स्मरणात केवळ राजवाडा राहतो.

रेक्टरच्या वाड्याचेही तसेच आहे. त्याच्या अंगणात मालिकेतील कार्थ नावाच्या कल्पित नगरीच्या धनाढ्य व्यापाऱ्याचे घर दाखविले गेले. त्याच अंगणात एका खऱ्या व्यापाऱ्याचा अर्धपुतळा आहे. मिहो प्रात्सात हा लोपुद बेटावरचा दर्यावर्दी. कुलीन नव्हे, सामान्य घरातला. आपली बरीचशी संपत्ती त्याने प्रजासत्ताकाला दिली, म्हणून १६३८ मध्ये त्याचा पुतळा बसविण्यात आला. कोणाही व्यक्तीचा उदोउदो करावयाचा नाही या धोरणाने चाललेल्या त्या राज्याने आपल्या वाड्यात स्मारक केले ते या एकाचेच.

दगडांवर लिहिलेले कायदे

या शहराला पराक्रमी राजे नाहीत, मोठे दिग्विजय नाहीत. त्याचा इतिहास बहुतांशी ठरावांचा आणि कायद्यांचा आहे. म्हणून तो चित्रपटाला सोयीचा नाही, आणि म्हणूनच त्याला सांगणारा लागतो.

१३७७ च्या जुलै महिन्यात महासभेने ठरविले की साथीच्या मुलखातून येणाऱ्या माणसांनी प्रथम जवळच्या निर्जन बेटांवर अथवा त्साव्हताट गावी एक महिना काढावा व नंतरच शहरात पाऊल टाकावे. विलग्नवासाचा हा जगातील आरंभीचा कायदा मानला जातो. शहराच्या पूर्वेस प्लोचे दरवाज्याबाहेर सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्या शतकात बांधलेली 'लाझारेती' ही विलगीकरणाची वखार आजही उभी आहे. २०२० मधील टाळेबंदी आपण सर्वांनी अनुभवली असल्याने या ठरावाचे महत्त्व निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. व्यापारावर जगणाऱ्या शहराने व्यापारी जहाज महिनाभर थांबविण्याचा निर्णय घेणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे होते. तो निर्णय त्याने घेतला.

१४१६ च्या जानेवारीत नागरिकांना गुलामांच्या व्यापारात भाग घेण्यास बंदी करण्यात आली. त्यापूर्वी हे शहर त्या व्यापारात होते, आणि या बंदीनंतरही घरोघरची वेठ एकदम नाहीशी झाली नाही. तरी माणसाची विक्री निंद्य ठरवून ती कायद्याने रोखणे हे त्या काळी सामान्य नव्हते. १४३२ मध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी अनाथगृह निघाले. १४३६ ते १४३८ या काळात ओनोफ्रिओ देल्ला कावा या इटालियन स्थपतीने सुमारे बारा किलोमीटर अंतरावरून पाणी आणले. दरवाज्याजवळच्या कारंज्यात आज प्रवासी बाटल्या भरून घेतात, ते त्या योजनेचेच स्मारक होय.

मग ६ एप्रिल १६६७ ची सकाळ आली. भूकंपाने शहर कोसळले. हजारो माणसे मेली, त्यांत त्या महिन्याचा रेक्टरही होता. नंतर आगी लागल्या. आज स्त्रादूनच्या दुतर्फा एकाच उंचीची, एकाच धाटणीची घरे पाहून प्रवासी त्यांच्या शिस्तीचे कौतुक करतात. ती शिस्त त्या आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीची आहे. स्पोंझा वाडा मात्र त्या भूकंपातून वाचला. संत ब्लेझच्या चर्चमध्ये त्या संताची रुप्याची सोन्याने मढविलेली मूर्ती आहे. तिच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती आहे, आणि ती प्रतिकृती भूकंपापूर्वीच्या शहराची आहे. नाहीशा झालेल्या शहराचे रूप अशा रीतीने देवघरात सांभाळले गेले.

दोन अग्निकांडे

नगरफेरीतील सर्वांत गजबजलेली जागा म्हणजे जेझुइटांच्या चर्चकडे चढणाऱ्या पायऱ्या. १७३८ मध्ये बांधलेल्या या सुंदर जिन्यावर मालिकेच्या पाचव्या पर्वात एका राणीची धिंड काढल्याचे दृश्य चित्रित झाले. आता तेथे प्रवासी आरोळ्या देत तो प्रसंग वठवितात. पायऱ्यांच्या वर जेझुइटांचे विद्यालय आहे. अठराव्या शतकातील थोर गणिती व खगोलवेत्ता रुजेर बोश्कोविच याचे आरंभीचे शिक्षण या शहरातल्या जेझुइटांकडेच झाले. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजमुळे आपल्याला जेझुइट विद्यालयांची ओळख आहे. म्हणून या पायऱ्यांवरून एके काळी पाट्या-पुस्तके घेऊन मुले जात होती, हे आपल्या मनात तरी आधी यावे.

याच फेरीत आणखी एक इतिहास आहे, आणि तो सांगताना मार्गदर्शकाचा आवाज बदलत असला पाहिजे. युगोस्लाव्हिया फुटत असताना, १ ऑक्टोबर १९९१ रोजी युगोस्लाव्ह सैन्याने दुब्रोव्हनिकला वेढा घातला. पाणी आणि वीज तोडण्यात आली. १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या जुन्या शहरावर तोफांचे गोळे पडले. ६ डिसेंबर १९९१ चा मारा सर्वांत भयंकर होता. नऊ वाडे जळून खाक झाले, एका विद्यापीठ-केंद्राचे ग्रंथालय जळाले. जुन्या शहरातील ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना मारा लागल्याची नोंद पुढे झाली. माणसेही मेली, त्यांची छायाचित्रे स्पोंझा वाड्यातील एका खोलीत लावलेली आहेत. १९९१ मध्ये युनेस्कोने शहराचे नाव संकटग्रस्त वारशाच्या यादीत घातले. दुरुस्ती झाल्यावर १९९८ मध्ये ते काढण्यात आले. या हल्ल्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोन वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना शिक्षा दिल्या. सांस्कृतिक वारशाचा नाश हा गुन्हा म्हणून शाबीत झाला, ही न्यायाच्या इतिहासातील मोठी गोष्ट होय.

तटावरून फिरताना खाली कौलारू छपरे दिसतात. त्यांतली काही फिकट, डागाळलेली आहेत व पुष्कळशी लालभडक आहेत. डागाळलेली कौले वेढ्यापूर्वीची आणि लालभडक नंतरची. या रंगभेदाकडे बोट दाखविणारा कोणी नसेल, तर प्रवाशाला ते केवळ सुंदर दृश्य वाटते.

मालिकेच्या अखेरीस, २०१९ मध्ये, कल्पित राजधानी एका उडत्या सर्पाच्या आगीत जळते. ते दहन बहुतांशी बेलफास्ट येथे उभारलेल्या सेटवर चित्रित झाले, तरी पडद्यावर जळत होते ते दुब्रोव्हनिकचेच रूप. ज्या मार्गदर्शकाचे वय आज पन्नाशीपुढे आहे, त्याने खरी आग वयात आल्यावर पाहिलेली असण्याचा संभव आहे. आणि त्याच्यापुढे उभा असलेला तरुण प्रवासी त्याला खोट्या आगीविषयी विचारतो. यात प्रवाशाचा अपराध नाही. त्याला एकच आग ठाऊक आहे. दुसरी सांगण्याचे काम ज्याने ती पाहिली त्याच्याकडे येते.

प्रसिद्धीचा लाभ आणि भार

मालिकेमुळे या शहराचे नुकसानच झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामुळे असंख्य लोकांना त्याचे नाव कळले, तरुणांना काम मिळाले, आणि ज्यांनी इतिहासाचे पुस्तक कधी उघडले नसते ते तटबंदीवर चढले. कल्पित कथेच्या ओढीने आलेला माणूस खरी कथा ऐकून परतू शकतो, ही संधी लहान नाही.

पण भारही मोठा आहे. प्रवासी जहाजांतून एकाच वेळी हजारो माणसे उतरू लागली, दरवाज्यांत रेटारेटी होऊ लागली. तटाच्या आत १९९१ मध्ये सुमारे पाच हजार लोक राहत. आज ती संख्या दोन हजारांच्याही खाली आली आहे. घरे प्रवाशांना भाड्याने देण्यात लाभ अधिक, आणि रोजची भाजी-भाकर मिळविणे अवघड. मग कुटुंबे बाहेर जातात. २०१९ मध्ये शहराने जहाज कंपन्यांच्या संघटनेशी बोलून एका वेळी दोनच मोठी जहाजे आणि सुमारे चार हजार प्रवासी अशी मर्यादा घालून घेतली. आलेले जहाज दारात थांबविण्याचा १३७७ चा निर्णय येथे सहजच आठवतो. त्या वेळी रोगाला अडवावयाचे होते, या वेळी गर्दीला. पण बंदराच्या उत्पन्नापुढे नगराचे जीवन ठेवण्याची वृत्ती तीच आहे.

रहिवासी निघून गेले तर इमारती उरतील, आणि त्या इमारतींत आपल्या आजीने काय सांगितले होते हे सांगणारे कोणी उरणार नाही. तेव्हा खऱ्या शहराची आणि चित्रपटाच्या सेटची योग्यता सारखीच होईल. माझ्या मते या प्रकरणातील खरी चिंता येथे आहे.

गवंडाळी, शापोरा आणि पर्रा

आता घराकडे वळू. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे साँव ब्राश यांचे चर्च आहे. साँव ब्राश म्हणजेच संत ब्लेझ, दुब्रोव्हनिकचा संरक्षक. तेथे ३ फेब्रुवारीला ज्याचा उत्सव शतकानुशतके होत आला आहे तोच. सोळाव्या शतकात गोव्याच्या व्यापारासाठी आलेल्या रागूसाच्या लोकांशी या चर्चचा संबंध जोडला जातो. क्रोएशियातील अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस या दुव्याकडे लक्ष वेधले, आणि तेथून पाहुणे ते पाहावयास येऊ लागले. या संबंधाच्या तपशिलांविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु आपल्या दारातले हे चर्च दूरच्या एका प्रजासत्ताकाची आठवण म्हणून पाहावे, असे आपल्यापैकी किती जणांना सुचले होते?

बारदेशातील शापोरा किल्ल्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. आदिलशाहीच्या आठवणीने शहापूर हे मूळ नाव मिरविणाऱ्या या गावाजवळच्या टेकडीवर १७१७ मध्ये पोर्तुगीजांनी आजचा किल्ला बांधला. त्यापूर्वी १६८३-८४ मधील छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीत हे ठाणे मराठ्यांकडे गेले होते. १७३९ मध्ये ते पुन्हा मराठ्यांनी घेतले आणि १७४१ मध्ये परत केले. २००१ मध्ये 'दिल चाहता है' हा चित्रपट आला आणि तेव्हापासून प्रवाशांच्या तोंडी त्या किल्ल्याचे नावच 'दिल चाहता है'चा किल्ला असे झाले. तटावर बसून समुद्राकडे पाहणारे तीन मित्र सर्वांना आठवतात. ज्या तटावर ते बसले तो कोणी, कोणाच्या भीतीने बांधला, हे सांगणारा तेथे क्वचितच भेटतो. पांडवलेण्यांच्या बाबतीत जे शतकांनी घडले ते येथे वीस-पंचवीस वर्षांत घडले.

पर्रा गावच्या माडांच्या रस्त्याची कथाही अशीच. २०१६ मधील 'डियर जिंदगी' या चित्रपटात तो रस्ता दिसला आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड उडाली. २०१९ मध्ये पंचायतीने त्यासाठी शुल्क लावले. टीका झाल्यावर ते मागे घेतले. शुल्क योग्य की अयोग्य हा वाद बाजूस ठेवू. गावच्या वाटेवर ज्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा वावर, त्यांना अनोळखी माणसाच्या छायाचित्रातून बाजूस सरण्याची पाळी आली, ही वेदना दुब्रोव्हनिकच्या रहिवाशाला आणि पर्राच्या गावकऱ्याला सारखीच समजेल.

सांगणाऱ्याचे कर्तव्य

चित्रपटांना बंदी घालावी, प्रवाशांना हाकलावे, असे मी सुचवीत नाही. क्षेत्रमाहात्म्यांच्या भूमीत राहणाऱ्याने कथेचा द्वेष करू नये. कथा लोकांना स्थळापर्यंत आणते. तेथे आणल्यानंतर काय सांगावयाचे ही जबाबदारी स्थानिकांची आहे. शाळेत शिकलेला इतिहास बहुतेकांच्या आयुष्यातून परीक्षेनंतर निघून जातो. त्यानंतर प्रौढ माणसाला इतिहासाचा जो धडा मिळतो तो बहुधा अशाच एखाद्या नगरफेरीत, एखाद्या अनोळखी मार्गदर्शकाच्या तोंडून. त्या अर्थाने तो मार्गदर्शकही आपल्याच व्यवसायातला, म्हणजे शिक्षक आहे. त्याच्या वर्गाला फळा नाही, हजेरी नाही, आणि विद्यार्थी पुन्हा कधी भेटणार नाहीत. म्हणून त्याचे एकेक वाक्य अधिक तोलून येणे आवश्यक आहे.

चांगल्या मार्गदर्शकाकडून अपेक्षा तरी काय करावी? छायाचित्राची चोपडी त्याने अवश्य उघडावी, पण ती मिटल्यावर भिंतीकडे बोट दाखवावे. राणीच्या धिंडीनंतर शाळेकडे जाणाऱ्या मुलांविषयी सांगावे. कल्पित सिंहासनाची एक प्रतिकृती लोक्रुम बेटावरच्या जुन्या मठात ठेवलेली आहे आणि प्रवासी रांगा लावून तीवर बसतात. तेथे रांगेतील माणसाला त्याने एवढेच सांगावे की समोरच्या शहरात ज्याला सर्वोच्च आसन मिळे त्याला तिसाव्या दिवशी ते सोडून घरी जावे लागे. हे ऐकून प्रवासी सिंहासनावर बसेलही. पण उठताना त्याच्या मनात काही निराळे असेल.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये आज अनेक शिक्षक आहेत, व्यापारी आहेत, पर्यटनाच्या व्यवसायात असलेलेही असतील. त्यांच्यापुढे माझी एक विनंती आहे. आपापल्या गावातील एक वास्तू निवडावी. किल्ला, देऊळ, चर्च, तळे, पोर्तुगीज काळातील शाळा, काहीही चालेल. तिच्याविषयीचे कागद पाहावेत, वयस्कर माणसांना विचारून त्यांचे सांगणे तारखेसह लिहून ठेवावे, दंतकथा ही दंतकथा म्हणून व नोंद ही नोंद म्हणून निराळी ठेवावी. मग आठवी-नववीच्या मुलांना तेथे पायी न्यावे आणि त्यांच्याकडूनच ती हकीकत सांगवून घ्यावी. याला खर्च नाही, इमारत नको. शापोऱ्याच्या टेकडीवर चढणाऱ्या प्रवाशाला एखाद्या मुलाने थांबवून १७३९ ची हकीकत मराठीत, कोंकणीत अथवा हिंदीत सांगितली, तर त्या चित्रपटाचे काही बिघडणार नाही आणि किल्ल्याला त्याचे नाव परत मिळेल.

दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाला नेपोलियनच्या सेनापतीने ३१ जानेवारी १८०८ रोजी एका हुकमाने संपविले. त्याच्याजवळ सैन्य राहिले नाही, झेंडा राहिला नाही. त्याचे ठराव, पत्रे व हिशेब मात्र राहिले; आज ते दफ्तर स्पोंझा वाड्यात आहे. १९९१ च्या माऱ्यातूनही ते वाचले. मार्गदर्शक जे सांगतो ते खरे की खोटे हे ताडून पाहण्याची सोय त्या शहराला आहे. आपल्याकडील पुष्कळ स्थळांना ती सोय अद्याप नाही. ज्या गुरुवर्यांच्या नावाने आपण येथे जमलो आहोत त्यांच्या स्मृतीसाठी या शाळेने असे एक छोटेसे दफ्तर, आपल्या तालुक्यापुरते का होईना, उभे करण्यास आरंभ करावा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.